नखभर भोक

ड्रिलचा बिट आत किती गेला असेल? नखभर. पत्रा फुटल्याचा कच्चकन आवाज आला, मशीन हातात जरासं पुढं सरकलं आणि त्या भोकातून असा फुत्कार सुटला, की मी मशीन टाकून दोन पावलं मागं सरलो. हातावर काहीतरी गार आणि तेलकट उडालं. पाणी असेल असं वाटलं. मग अंगठ्याच्या मुळाशी कातडी पांढरी पडलेली दिसली आणि चुरचुर सुरू झाली. फुत्कार मिनिटभर चालला, मग फुस्स फुस्स करत बंद पडला. त्यानंतर गाळ्यात एकच आवाज उरला, कॉम्प्रेसरचा. तो बिचारा रिकाम्या पोटी दळत होता.

ही गोष्ट 2017च्या एप्रिलातली, इस्लामपूरची. गावाचं नाव ईश्वरपूर करायचं 2025 मध्ये ठरलं, पण माझ्या तोंडात अजून जुनंच बसलंय. एसटी स्टँडपासून चार पावलांवर माझा सोडा-लिंबूचा गाळा. बाजाराला आलेली माणसं, कॉलेजची पोरं, उसाच्या बिलाची चौकशी करून घामाघूम परतलेले शेतकरी, हे माझं गिऱ्हाईक.

फ्रिज आला तो मात्र हायवेवरून. त्या वर्षी 1 एप्रिलपासून महामार्गाच्या 500 मीटरच्या आतली दारूची दुकानं सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं बंद झाली. आदेश 15 डिसेंबर 2016चा, पण चालू परवान्यांना मार्चअखेरपर्यंत मुदत होती. पुढं त्यात सवलती निघाल्या, बरीच दुकानं पुन्हा उघडली. पण सुरुवातीला पुणे-बंगळूर रस्त्याच्या कडेची कितीतरी शटरं खाली होती आणि आतले फ्रिज मिळेल त्या भावानं निघत होते. पेठ नाक्याजवळ एका बंद बिअर शॉपीत मला तीनशे लिटरचा आडवा बॉटल कूलर दिसला, वरून झाकण उघडणारा. मालक साडेसात हजार म्हणाला. मी हात फिरवून बघितला तर दोन्ही अंगं चांगलीच तापलेली. म्हटलं, "ह्यो तर तापतोय की." त्यालाही घाई होती. तापतोय म्हणून मी पाचशे रुपये कमी करून घेतले आणि लई शहाणपणा केला अशा थाटात टेम्पोत घालून आणला.

तो तापत का होता, हा प्रश्न मी त्याच दिवशी कुणाला विचारला असता तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

घरी त्याचं नाव पडलं बिअरचा फ्रिज. आमचे आबा माळकरी. त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं, की त्या फ्रिजातला सोडा ते पिणार नाहीत. मी त्यांना सांगून पाहिलं, की आबा, सोडा मुळात बिअरच्याच पिंपावर जन्मला. ते खरंच आहे. इंग्लंडात लीड्स गावी जोसेफ प्रीस्टली नावाचा धर्मोपदेशक बिअरच्या कारखान्याशेजारी राहायचा. आंबणाऱ्या पिंपावर एक जड वायू साचून राहतो हे त्याच्या लक्षात आलं. 1767च्या सुमाराला त्यानं त्या वायूत पाणी धरून बघितलं, तर पाण्याला चव आली, बुडबुडे आले. 1772 मध्ये त्यानं त्यावर पुस्तिकाच काढली. आपली गोटीची बाटली त्यानंतर शंभर वर्षांनी, 1872 साली हायरम कॉड या इंग्रजानं पेटंट घेतलेली. आबांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "ते इंग्रजाचं झालं."

आता त्या फ्रिजला भोक कशाला पाडायचं होतं ते सांगतो. सोडा पिणाऱ्याला एकच गोष्ट हवी असते, झणका. नाकात गेला पाहिजे, डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. ऐन उन्हाळ्यात नेमका तोच पळतो. पाणी जितकं गार तितका त्यात गॅस जास्त मुरतो. हवेच्या साध्या दाबाला, शून्य अंशाच्या लिटरभर पाण्यात 1.7 लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळतो. 20 अंशाला 0.88 लिटर, 30 अंशाला 0.66. एप्रिलात आमच्या टाकीचं पाणी तिशीच्या खाली येत नाही. मग आपण दाब वाढवत न्यायचा, बर्फ फोडून टाकायचा, आणि ग्लासात ओतेपर्यंत फेस होऊन निम्मा गॅस हवेत. गिऱ्हाईक विचारतं, "मालक, सोडा हाय का नळाचं पाणी?"

माझा भाचा पुण्यात एका हॉटेलात कामाला. पुण्यात 2009 साली डूलाली निघाली, तेव्हापासून जागेवर बिअर बनवणारी हॉटेलं वाढत गेली. त्यातल्याच एकात. त्यानं सांगितलं, की त्यांच्याकडं स्टीलच्या टाक्या थंड खोलीत असतात, गॅसचा सिलिंडर बाहेर आणि भिंतीतून फक्त नळी आत जाते. परदेशात हौशी लोक घरच्या जुन्या फ्रिजला असंच भोक पाडून आत बिअरची टाकी ठेवतात म्हणे. आपल्याकडं घरी बिअर करणं कायद्यात बसत नाही, पण सोडा करायला कोण अडवतंय? 19 लिटरची स्टीलची टाकी बॉटल कूलरमध्ये ठेवायची, पाणी चार अंशावर आणायचं, आणि बाहेरच्या सिलिंडरमधून दोन-अडीच किलोच्या दाबानं गॅस मुरवायचा. कल्पना चांगली होती. आजही मी तसाच सोडा करतो. चूक कल्पनेत नव्हती, भिंतीत होती.

फ्रिजवाल्या मामांना फोन लावला तेव्हा संभाषण असं झालं.

"मामा, गॅस गेला."

"कुठला? घरचा?"

"न्हाई, फ्रिजचा."

"मग मगाशी सिलिंडर म्हणत हुतास त्यो?"

"त्यो सोड्याचा गॅस. त्यो हाय की."

"आरं लेका, नक्की कुठला गेला ते सांग, त्या हिशेबानं येतो. का पळत येऊ?"

यात विनोद वाटला तरी मामांचं बरोबर होतं. आपण तीन वेगळ्या वस्तूंना एकच शब्द वापरतो. घरचा गॅस जळतो, म्हणून त्याला वास मुद्दाम घातलेला असतो. सोड्याचा कार्बन डायऑक्साइड जळत नाही, उलट आग विझवतो, पण बंद जागेत माणसालाही विझवतो. आणि फ्रिजचा गॅस काही फ्रिजांत जळतो, काहींत जळत नाही. तुमच्या फ्रिजात कुठला, ते कॉम्प्रेसरजवळच्या किंवा मागच्या पट्टीवर छापलेलं असतं. मी ती पट्टी वाचलीच नव्हती. मामांनी आल्या आल्या आधी तीच पुसली. आर-134ए, 150 ग्रॅम.

"नशीबवान हाईस," मामा म्हणाले. "नव्या फ्रिजात 600 असतो."

आर-600ए म्हणजे आयसोब्युटेन, सिगारेटच्या लायटरमध्ये भरतात त्या जातीचा. घरच्या फ्रिजात तो साधारण 40 ते 70 ग्रॅम असतो, म्हणजे फार नाही. पण हवेत 1.8 टक्के झाला की पेट घेतो, हवेपेक्षा दुप्पट जड असल्यानं खाली साचतो, आणि आपण तर त्याच क्षणी त्याच्या तोंडाशी ड्रिल मशीन धरून उभे असतो. मशीन अंधारात चालवून त्याच्या जाळीतून आत बघा, कार्बन ब्रशच्या निळ्या ठिणग्या दिसतील. मी त्या नंतर मुद्दाम बघितल्या. शेजारी चहावाल्याचा स्टोव्ह भडकलेलाच होता. माझा 134 पेटत नाही, तरी ज्योतीतून गेला की त्याचं विघटन होऊन घशाला लागणारा विषारी वायू होतो. चहावाला त्या दिवशी खोकत बाहेर का आला, ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

आणखी एक हिशेब मला पुढं कळला आणि तो लागला. शंभर वर्षांच्या मापानं एक किलो 134 हवेत सोडणं म्हणजे 1430 किलो कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखं. माझ्या दीडशे ग्रॅमचे झाले दोनशे पंधरा किलोच्या आसपास. सोड्याचा माझा सिलिंडर पाच किलोचा. म्हणजे एका मिनिटात मी चाळीसच्या वर सिलिंडर फुंकले.

मामांनी मला ओरडायच्या आधी शिकवलं, हे त्यांचे उपकार. शेजारच्या आइस्क्रीमवाल्याकडं तसलाच आडवा फ्रिज चालू होता. मामांनी त्याच्या बाहेरच्या पत्र्यावर ओलं फडकं फिरवलं आणि म्हणाले, "आता बघ." दोघं उकिडवे बसून बघत राहिलो. पाच-सहा मिनिटं काही झालं नाही. मग ओल्या पत्र्यावर एक आडवी कोरडी रेघ उमटली. तिच्या खाली वीतभर अंतरावर दुसरी. मग तिसरी, आणि कडेला येऊन तिन्ही एकमेकींना वळणानं जोडल्या गेल्या. पाणी वाळत होतं ते नळी जिथं आहे तिथं आधी. शाळेत नदीचा नकाशा काढतात तशी ती नळी त्या पत्र्यावर आपोआप काढली जात होती. माझं भोक जिथं होतं, तिथं त्या फ्रिजवर बरोबर वरून दुसरी रेघ होती.

म्हणजे मी ज्याला फ्रिजची भिंत समजत होतो, ती भिंत नव्हतीच. जुन्या फ्रिजांना मागं काळी जाळी असायची, आठवतं? आई त्यावर ओली फडकी वाळत घालायची. ती जाळी म्हणजे कंडेन्सर, फ्रिजच्या आतली उष्णता बाहेर फेकणारी नळी. नव्या बऱ्याच फ्रिजांत ती जाळी दिसत नाही, कारण ती दोन्ही बाजूंच्या पत्र्याला आतून चिकटवलेली असते. पत्रा तापतो तो त्यामुळं, आणि तापलाच पाहिजे. मी पाचशे रुपये कमी करून घेतले ते फ्रिज आपलं काम नीट करत होता याबद्दल. आडव्या फ्रिजाची गंमत आणखी पुढची. बाहेरच्या पत्र्याला गरम नळी, आतल्या पत्र्याला वेढे घातलेली गार नळी, आणि दोन्हींच्या मध्ये दोन-अडीच इंच पफ, म्हणजे तो पिवळा कडक फेस. गरमीतून वाचलात तर गारव्यात सापडाल. काचेच्या दाराच्या उभ्या कूलरमध्ये कंडेन्सर बहुतेक वेळा खाली पंख्यासकट असतो, बाजू मोकळ्या असू शकतात, पण दाराच्या चौकटीत घाम येऊ नये म्हणून विजेची तार फिरवलेली असते. तिलाही बिट लागू शकतो.

शिवाय मी फ्रिज चालू ठेवून भोक पाडलं. प्लगही काढला नव्हता. गॅस निघून गेल्यावरही कॉम्प्रेसर चालूच राहिला, आणि भोकातून हवा, हवेतलं पाणी आत जाण्याचा धोका वाढला. ओलावा एकदा आत शिरला की बारीक केशनळीत बर्फ धरतो किंवा तेल खराब करतो. मामांचा सगळ्यात जास्त राग त्यावर होता. "भोक पाडलंस ते पाडलंस, बटण तरी बंद करायचंस!"

दुरुस्ती दोन दिवस चालली. पफमध्ये गाडलेली नळी डाग देऊन जोडता येत नाही असं नाही, पण पत्रा कापायचा, फेस उकरायचा, शेजारच्या फेसाला आच लागू न देता टॉर्च धरायचा, आणि पुन्हा कुठं गळणार नाही याची खात्री नाही. मामांनी ती अंगातली नळीच दोन्हीकडून तोडून सोडून दिली आणि खाली कॉम्प्रेसरशेजारी बाहेरून जाळीचा कंडेन्सर आणि पंखा बसवला. ड्रायर बदलला, व्हॅक्यूम पंप लावून तासभर सगळी हवा आणि ओल काढली, मग वजनकाट्यावर ठेवून नवा गॅस तोलून भरला. अंदाजानं गॅस सोडणारा मिस्त्री असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवावा. सगळे मिळून साडेपाच हजार. सात हजारांच्या फ्रिजाला.

उरलेली तांब्याची नळी बघून मला हुशारी सुचली. म्हटलं, मामा, हीच सोड्याच्या लाइनला वापरू? मामांनी नुसतं बघितलं. सोडा म्हणजे सौम्य आम्ल. तांब्यात, पितळेत तो थांबून राहिला की तांबं पाण्यात उतरतं, आणि पोट धरून बसायची पाळी येते. टाकीच्या दाबानं सोडा उलटा गॅसच्या नळीत शिरून पितळी रेग्युलेटरपर्यंत जाऊ शकतो, म्हणून मध्ये एकाच दिशेनं सोडणारा व्हॉल्व्ह हवा. सोडा जिथं लागतो तिथं स्टील किंवा खाद्यपदार्थांसाठी चालणारी प्लास्टिकची नळी. तांब्याची नळी मामा भंगारात घेऊन गेले, आणि तिचे पैसे बिलातून वळतेही केले.

मग शेवटी भोक पाडलं कुठं? फ्रिजला पाडलंच नाही. मामांनी आडव्या फ्रिजाचं झाकण बिजागऱ्यांसकट उचललं आणि खालच्या काठाची मापं घेतली. गल्लीतल्या सुतारानं त्या मापाची चार इंच उंच सागवानी चौकट करून दिली. चौकट फ्रिजाच्या काठावर बसली, झाकण चौकटीवर. मधल्या फटीला रबराची पट्टी. लाकडात मात्र पाडा किती पाडायची ती भोकं, तिथं नळी नाही, तार नाही, फेस नाही. एक भोक गॅसच्या नळीला, एक सोडा बाहेर आणणाऱ्या नळीला. भोकात प्लास्टिकच्या पाइपचा तुकडा घातला, म्हणजे नळी घासत नाही, आणि कडेनं सिलिकॉन भरलं, म्हणजे बाहेरची दमट हवा आत जाऊन बर्फ धरत नाही. काम झालं सव्वा तासात. खर्च सांगितला तर तुम्हाला माझीच कीव येईल.

घरचा उभा फ्रिज असेल आणि चौकट शक्य नसेल, तर मामा दार सुचवतात. साध्या दारात थंडाव्याची नळी नसते. पाण्याचा नळ किंवा डिस्प्ले असेल तर तारा असू शकतात, तेवढं बघायचं. आणि पत्र्यातूनच जायचं असेल तर आतून सुरुवात करायची. प्लग काढून, ओल्या फडक्यानं आधीच खडूच्या रेघा मारून घेतलेल्या असल्या पाहिजेत. आतलं प्लास्टिक हलक्या हातानं कापायचं, मशीन बाजूला ठेवायचं, आणि फेस स्क्रू ड्रायव्हरनं किंवा चमच्यानं खरवडत जायचं, बोटानं चाचपत. बाहेरचा पत्रा लागला आणि आजूबाजूला नळी नाही असं दिसलं, की मगच त्याला बिट. पफ हातानं अगदी सहज निघतो, शिळ्या पावासारखा. घाई असते ती आपल्याला. एक सांगायचं राहिलं. फडक्याची युक्ती फक्त गरम नळी दाखवते. आतली गार नळी बाहेरून दिसत नाही. ती आतल्या पत्र्यावर दव आणि बर्फ कुठं आधी धरतो ते बघून ओळखायची.

इथवर पैशाचं नुकसान होतं. पुढचं तसं नव्हतं.

इस्लामपूरच्या उरुणात शंभूआप्पा-बुवाफनचा उरूस भरला होता, दिवाळीनंतरचे दिवस. गाळ्यावर रात्री बारापर्यंत गर्दी. थकून शटर ओढलं आणि सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करायचा राहिला. टाकीच्या झाकणावरच्या जोडात बारीक गळती होती, इतकी बारीक की आवाज येत नव्हता. सकाळी थोरला मुलगा टाकी बदलायला गेला. तेव्हा बारावीत होता. झाकण उचललं, वाकला, दोन्ही हात आणि डोकं आत. मी मागं लिंबं निवडत होतो. "पप्पा" असं अर्धवट ऐकू आलं. वळून बघितलं तर तो काठाला धरून मागं सरकत होता, चेहरा लाल, डोळे मोठे, श्वास असा की धावत पेठेतून आला असावा. नाकात मिरची गेल्यासारखं झालं, मग डोकं गरगरलं, म्हणाला. त्याला बाहेर रस्त्यावर नेऊन बसवलं. पाच मिनिटांत ठीक झाला. माझे पाय दिवसभर थरथरत होते.

आबा सोड्याला शिवत नव्हते, पण गाळ्यावर रोज येऊन बसायचे. त्यांनी ऐकलं आणि लगेच म्हणाले, "विहीर झालीया ती."

आमच्याकडं जुन्या पडीक विहिरीत गाळ काढायला उतरायच्या आधी कंदील सोडून बघायची रीत होती. कंदील विझला तर उतरायचं नाही. आबांनी तरुणपणी कंदील विझलेला बघितलाय. वरून तोंड असलेली, आत गारवा धरलेली आणि जड वारा खाली साचून राहील अशी जागा, आडवा फ्रिज दुसरं काय असतो? कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड. उभ्या फ्रिजाचं दार उघडलं की तो निदान पायाशी ओघळून जातो. आडव्यात तो तसाच राहतो, भांड्यातल्या ताकासारखा, आणि आपण त्यात तोंड घालतो. एक किलो गॅसचे साडेपाचशे लिटर होतात. शंभर ग्रॅम गळाला तरी तीनशे लिटरच्या फ्रिजात पन्नासेक लिटर तोच. दहा टक्क्यांच्या पुढं माणूस काही मिनिटांत, कधी त्याहून लवकर बेशुद्ध पडतो. आणि बेशुद्ध पडला तर तो आतच पडतो. कंदिलावरही भिस्त ठेवू नका बरं का. ज्योत तग धरते तेवढ्या वायूतही माणसाचं डोकं फिरतं.

गाळ्याचाही हिशेब केला मी त्या रात्री. 10 बाय 12 फूट, उंची 10. म्हणजे 34 घनमीटर. पाच किलोचा सिलिंडर शटर बंद असताना सगळा गळाला तर पावणेतीन घनमीटर, आठ टक्के, आणि तोही खालच्या थरात जास्त. आठ तास काम करायच्या जागेत अर्धा टक्का ही मर्यादा मानतात. पूर्वी मी कधीमधी दुपारी शटर अर्धं ओढून खाली चटईवर झोपायचो. ते त्या दिवसापासून बंद.

उपाय आबांनीच काढला. फ्रिजाच्या तळाला पाणी जायचं भोक असतं, त्याला बूच. ते म्हणाले, "बूच काढ की. पाण्यागत खाली आलाय त्यो, पाण्यागतच जाईल." तसंच आहे ते. आता रोज सकाळी आधी शटर पूर्ण वर, मग सिलिंडर बंद आहे ना ते बघायचं, मग तळाचं बूच, मग झाकण, आणि छोटा पंखा काठावर लावून पाच-सात मिनिटं चहा. त्याआधी कुणी आत वाकायचं नाही. रात्री सिलिंडरचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून किल्ली घरी. जोडांवर आठवड्याला साबणाचा फेस लावतो. बुडबुडा फुगला तर जोड खोलून रबर बदलायचं, नुसतं आवळत बसायचं नाही.

सिलिंडरबद्दल दोन-चार गोष्टी, ज्या मला कुणी न सांगता कळायला वेळ लागला. दाबाचा काटा बघून गॅस किती उरला ते कळत नाही. आत द्रव आहे तोवर काटा जागचा हलत नाही, आणि पडायला लागला की समजा सिलिंडर संपलाच. म्हणून वजन करायचं, रिकाम्याचं वजन मानेवर ठोकलेलं असतं. उन्हात ठेवायचा नाही. 25 अंशाला आतला दाब 64 बारच्या आसपास असतो आणि 31 अंशाच्या पुढं आत द्रव असा राहतच नाही. एप्रिलात पत्र्याच्या शेडखाली काय होत असेल ते बघा. मानेवरच चाचणीची तारीख असते, पाच वर्षांतून एकदा चाचणी झालेली हवी, नसेल तर भरून घेऊ नका, कितीही ओळखीचा असला तरी. उभा ठेवून साखळीनं भिंतीला बांधायचा. आणि आग विझवायचा लाल सिलिंडर सोड्याला जोडायचा मोह कितीही झाला तरी नको. त्यात तळापर्यंत नळी असते, त्यातून गॅस नव्हे, द्रव येतो, आणि रेग्युलेटरचं वाटोळं होतं. शिवाय तो पोटात जाण्यासाठी शुद्ध केलेला नसतो. हाच वायू आपल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत मळी आंबते तेव्हा टनांनी निघतो, काही ठिकाणी तो पकडून शुद्ध करून भरतात. पोटात जाण्याजोगा होईपर्यंत त्याला बरीच आंघोळ घालावी लागते.

त्या चौकटीच्या फ्रिजाला आता चांगली वर्षं झाली. माझं नखभर भोक अजून तसंच आहे, मी ते मुद्दाम बुजवलेलं नाही. थोरला इंजिनिअर झाला. आबा शेवटपर्यंत त्यातला सोडा प्यायले नाहीत, पण गिऱ्हाइकांना फ्रिजाची गोष्ट तेच सांगायचे, आणि प्रत्येक वेळी भोक थोडं मोठं व्हायचं.

मागच्या महिन्यात साखराळ्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजची दोन पोरं आली. कुठल्याशा प्रोजेक्टसाठी जुन्या फ्रिजात सेन्सरच्या तारा घालायच्यात, बाजूनं भोक पाडायचंय, काका तुम्ही पाडलंय ना? फ्रिज टेम्पोत होता, घरगुती, दोन दारांचा. मागं पट्टीवर पिवळा त्रिकोण आणि त्यात ज्योत, म्हणजे 600. मी विचारलं, मशीन आणलंय का. म्हणाले, आणलंय की, आणि मोठा पोरगा ते काढायला टेम्पोकडं वळला.

म्हटलं, राहू दे ते तिथंच. आधी फ्रिज उतरवून उभा करा आणि दुपारपर्यंत तसाच ठेवा, मग चालू करू. तोवर सोडा प्या. आणि त्या बादलीत फडकं भिजत घाल.